आधी वजाबाकी, मग बेरीज: स्किझोफ्रेनियाच्या ऋण लक्षणांवरचे औषधोपचार

स्किझोफ्रेनियाच्या पहिल्या झटक्यानंतर काही आठवड्यांत बहुतेकांचे भास आणि संशय औषधाने आटोक्यात येतात. कानात आवाज येत नाहीत, कुणी पाळतीवर आहे असं वाटत नाही. घरच्यांना हायसं वाटतं. मग हळूहळू दुसरंच काही लक्षात येऊ लागतं. माणूस तासन्‌तास पडून असतो. काही विचारलं तर ‘हो’, ‘नाही’, ‘ठीक’. आंघोळीला चारदा सांगावं लागतं. मित्राचा फोन वाजत राहतो, हा उचलत नाही, आणि उचलला नाही याचं वाईटही वाटत नाही. घरात दोन तट पडतात: एक म्हणतो हा आळस, दुसरा म्हणतो औषधाची गुंगी. तिसरी शक्यता आजाराचीच असते, आणि तिला ऋण लक्षणं म्हणतात.

‘नकारात्मक लक्षणं’ हा शब्दही सर्रास चालतो, पण त्याने घोटाळा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस नकारात्मक विचार करतोय. इथे ऋण म्हणजे गणितातलं उणे. भास आणि संशय ही नेहमीच्या अनुभवात पडलेली नको ती भर, म्हणून ती धन लक्षणं. जे असायला हवं होतं आणि कमी झालं, ते ऋण.

यात पाच गोष्टी मोडतात, आणि ही पाचांची यादी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००५ साली भरवलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून पक्की झाली. चेहऱ्यावरचे आणि आवाजातले भाव कमी होणं, बोलणं आटणं, स्वतःहून काही सुरू करण्याची उमेद जाणं, आनंद न वाटणं आणि माणसांत मिसळावंसं न वाटणं. यातली आनंदाची गोष्ट जरा बारकाईने बघण्यासारखी आहे. समोर आवडता पदार्थ आला किंवा गाणं लागलं, तर त्या क्षणाचा आनंद अनेकांना बऱ्यापैकी जाणवतो. कमी पडतो तो आधीचा भाग: ‘गेलो तर मजा येईल’ हा अंदाज. अंदाजच लागत नाही, म्हणून पाय निघत नाही. त्यामुळे ‘तिथे गेल्यावर तर छान हसत होता, मग घरी बसून नाटक कशाला?’ हा घरच्यांचा प्रश्न रास्त वाटला तरी नाटकाचा यात संबंध नाही.

एकच रसायन, दोन ठिकाणी दोन दुखणी

मेंदूत डोपामिन हा निरोप पोहोचवणारा पदार्थ वेगवेगळ्या वाटांनी काम करतो. स्किझोफ्रेनियात एका भागात त्याचा पुरवठा अवाजवी वाढतो आणि साध्यासुध्या गोष्टींनाही भलतंच महत्त्व चिकटतं. भास आणि संशय तिथून येतात. कपाळामागच्या भागात मात्र, जिथे ठरवणं, सुरू करणं, टिकवणं ही कामं चालतात, डोपामिनचं काम उलट कमी पडतं असं मानलं जातं.

१९५२ साली वापरात आलेल्या क्लोरप्रोमॅझिनपासून आजच्या बहुतेक गोळ्यांपर्यंत सगळी औषधं डी-२ नावाचे डोपामिनचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागा, अडवतात. जिथे पुरवठा जास्त आहे तिथे हे उत्तम. जिथे आधीच तुटवडा आहे तिथे अडवून काय साधणार? वर हालचाल सांभाळणारी तिसरी वाट आहेच. तीही याच गोळीने अडते. धन लक्षणांवर हुकमी चालणारं औषध ऋण लक्षणांसमोर थिटं पडतं, आणि डोस चढवला तर कधीकधी ती वाढवतं, याचं मूळ इथे आहे. हे चित्र ढोबळ आहे. ग्लुटामेट आणि सेरोटोनिन या निरोप पोहोचवणाऱ्या इतर पदार्थांचाही हात आहे, पण व्यवहारातले बहुतेक निर्णय समजायला एवढं पुरतं.

मूळ अडचण स्पष्ट सांगायला हवी. अमेरिकेच्या औषध नियामकाने केवळ ऋण लक्षणांसाठी म्हणून आजवर एकाही औषधाला मंजुरी दिलेली नाही. २०१५ साली १६८ चाचण्या एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. बऱ्याच उपचारांनी लक्षणांच्या मोजपट्टीवरचे गुण थोडे खाली आणले, पण रोजच्या जगण्यात जाणवेल इतका फरक कुठल्याच उपचारगटाने दाखवला नाही. तरीही ‘काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल, कारण शांत पडून असलेल्या माणसाच्या उण्यातला मोठा वाटा बऱ्याचदा आजाराचा नसतोच.

वजाबाकी: काय काढता येईल?

१९८८ साली विल्यम कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक फरक नेमका मांडला. काही ऋण लक्षणं आजाराचाच गाभा असतात, ती प्राथमिक. काही दुसऱ्या कशामुळे आलेली असतात, ती दुय्यम. दिसायला दोन्ही सारखीच: तोच कोरा चेहरा, तेच गप्प बसणं. प्राथमिक लक्षणांवर आज हाती फार थोडं आहे. दुय्यम लक्षणं मात्र कारण काढलं की बऱ्याच अंशी जातात. म्हणून नवी गोळी जोडण्याआधी जुन्यांचा हिशेब घ्यावा. प्रत्यक्षात नेमकं उलट होतं: माणूस गप्प आहे, म्हणून चौथी गोळी सुरू होते.

पहिला संशय औषधामुळे आलेल्या कंपवातासारख्या अवस्थेवर घ्यावा. तिचं निदान दवाखान्यात दोन मिनिटांत होतं, पण बघावं लागतं. चालताना हात मोकळे हलतात की अंगाला चिकटून राहतात? पापण्यांची उघडझाप कमी झाली आहे का? अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं का? लाळ गळते का? डॉक्टर मनगट आणि कोपर हलवून ताठरपणा तपासतात. दातेरी चाकासारखं अडकत-सुटत हललं तर उत्तर मिळालं. हात थरथरलाच पाहिजे असं नाही, आणि तो थरथरत नाही म्हणूनच ही अवस्था निसटते. डोस सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर काही दिवस ते काही आठवड्यांत चेहरा कोरा झाला असेल, तर तारखाच बरंच सांगून जातात.

यावर पहिला उपाय डोस कमी करणं किंवा ही तक्रार कमी करणारं औषध निवडणं. ट्रायहेक्सिफेनिडिलची २ मिलिग्रॅमची गोळी झटपट आराम देते, म्हणून ती चिठ्ठीत शिरते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते. तिची किंमत वेगळ्या खात्यात मोजली जाते: स्मरणशक्ती मंदावते, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, लघवी अडते. आधीच विचार आणि स्मृती अडखळणाऱ्या आजारात ही गोळी कायमची ठेवायला ठोस कारण हवं. बंद करायची तर हळूहळू.

दुसरा संशय गुंगीवर. क्लोझापिन, ओलान्झापिन, क्वेटियापिन ही झोप आणणारी औषधं. दिवसाचा डोस रात्रीवर सरकवता येतो का, जुन्या काळजीसाठी दिलेली क्लोनाझेपाम अजून चालू आहे का, हे पाहिलं की कधीकधी निम्मा प्रश्न सुटतो. वजन झपाट्याने वाढलं असेल आणि माणूस मोठ्याने घोरत असेल, तर झोपेत श्वास अडकण्याचा विकारही दिवसभराच्या मरगळीमागे असू शकतो. थायरॉइडची तपासणी साधी आहे, ती करून टाकावी; लिथियम चालू असेल तर नक्कीच.

तिसरं, नैराश्य. हे वेगळं काढणं अवघड, कारण दोन्हीत माणूस गप्प आणि बसून. फरक आतल्या अनुभवात असतो. नैराश्यात दुःख, अपराधीपणा, पुढे काही नाही ही भावना, पहाटे लवकर जाग, मरणाचे विचार हे सापडतात. निव्वळ ऋण लक्षणांत दुःखही फारसं नसतं, रिकामेपण असतं. ‘कसं वाटतं?’ या प्रश्नाला दोघंही ‘ठीक’ म्हणतील, म्हणून थेट विचारावं: स्वतःला दोष देतोस का? जगण्यात अर्थ नाही असं वाटतं का? खास याच आजारातलं नैराश्य मोजण्यासाठी कॅलगरीची नऊ प्रश्नांची मोजपट्टी वापरतात. तिची रचनाच ऋण लक्षणांशी गल्लत होऊ नये अशी केलेली आहे.

चौथं, लपलेली धन लक्षणं. बाहेर न जाणारा प्रत्येक जण उमेद नसल्यामुळे घरी बसलेला नसतो. जिन्यातला शेजारी आपल्या मनातलं ओळखतो अशी भीती असलेला माणूसही दार उघडत नाही, आणि तो हे कुणाला सांगतही नाही. इथे डोस कमी केला तर पंचाईत होईल.

दारू, गांजा, वर्षानुवर्षं चार भिंतींत राहून सुटलेली सवय, आणि बोलायला कुणी नसणं हीही कारणं आहेत. आणखी एक अवस्था क्वचित पण महत्त्वाची: कॅटाटोनिया. माणूस पूर्ण मुका, ताठ, दिलेल्या स्थितीत तसाच राहणारा, खाणंपिणं सोडलेला. हे काही तासांत किंवा दिवसांत उभं राहतं, ऋण लक्षणांसारखं महिनोन्‌महिने साचत येत नाही. याला तातडीची मदत लागते. १ ते २ मिलिग्रॅम लोराझेपाम हे शामक औषध दिल्यावर माणूस मोकळा होतो का, हे डॉक्टर बघतात. ऋण लक्षणं समजून इथे भासांवरचं औषध वाढवलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते.

डोस किती खाली आणायचा?

२००० साली शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या चित्रणातून हॅलोपेरिडॉल या जुन्या भासरोधक औषधाबद्दल एक उपयुक्त हिशेब मांडला. डी-२ रिसेप्टर सुमारे ६५ टक्के अडवले की भास-संशयांवर परिणाम दिसायची शक्यता वाढते; ७२ टक्क्यांच्या पुढे प्रोलॅक्टिन हे हार्मोन चढतं; ७८ टक्क्यांच्या पुढे ताठरपणा आणि मंदपणा. म्हणजे कामाची पट्टी अरुंद आहे. तिच्या वर गेलेला डोस भासांवर सहसा आणखी काही कमवत नाही, फक्त माणसाला गोठवतो. एकाच वेळी तीन भासरोधक गोळ्या चालू असतील तर पट्टी ओलांडली गेली असण्याचीच शक्यता जास्त.

कमी करतानाचा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. डोस आणि अडवलेले रिसेप्टर यांचा आलेख आधी झपाट्याने चढतो आणि मग सपाट होतो. म्हणून ६ वरून ५ मिलिग्रॅमवर येताना मेंदूला जेमतेम कळतं, पण २ वरून १ वर येताना मोठी घसरण होते. खाली येताना प्रत्येक पायरी आधीपेक्षा लहान हवी, आणि दोन पायऱ्यांमध्ये काही आठवडे ते महिने जायला हवेत. महिन्याचं इंजेक्शन असेल तर परिणाम दिसायलाच कित्येक महिने लागतात. पुढचा बदल घाईने केला तर दोघांचा परिणाम एकदम अंगावर येतो.

पण कमी करणं हे स्वतःच औषध आहे असंही समजू नये. २०२३ साली निकाल आलेल्या रडार नावाच्या ब्रिटिश चाचणीत २५३ जण होते. हळूहळू डोस कमी केलेल्यांचं सामाजिक वागणं दोन वर्षांनी इतरांपेक्षा सुधारलेलं दिसलं नाही, आणि आजार उलटण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. ज्याच्या अंगात ताठरपणा, मंदपणा किंवा गुंगीची खूण आहे त्याचा डोस कमी करण्याला आधार आहे. ‘गोळ्या सोडल्या की तरतरी येईल’ या आशेवर परस्पर सोडणं हा वेगळा प्रकार, आणि तो महागात पडतो.

बेरीज: काय जोडता येईल?

वजाबाकी करूनही रिकामेपण उरलं, भास-संशय शांत आहेत, तर दोन औषधांची नावं पुढे येतात.

पहिलं अमिसल्प्राइड, आणि त्याची गंमत डोसात आहे. ४०० ते ८०० मिलिग्रॅमला ते नेहमीच्या भासरोधकासारखं वागतं. ५० ते ३०० मिलिग्रॅमच्या कमी डोसात मात्र ते मुख्यतः डोपामिन सोडणाऱ्या पेशीवरचेच रिसेप्टर अडवतं असं मानतात. हे रिसेप्टर ‘पुरे, आता सोडू नको’ असं सांगणारे असतात. तेच अडवले की डोपामिन जास्त सुटतं. म्हणजे एकच गोळी कमी डोसात सोडवणारी, जास्त डोसात अडवणारी. १९९० च्या दशकात ५०, १०० आणि ३०० मिलिग्रॅमच्या चाचण्या नकली गोळीशी तुलना करून झाल्या. त्यांतली एक सहा महिन्यांची होती, आणि निकाल औषधाच्या बाजूने लागले.

इथे दोन चुका नेहमी होतात. १०० मिलिग्रॅमला महिन्यात फारसा फरक नाही म्हणून डोस ६०० वर नेला जातो आणि ज्यासाठी सुरू केलं तो परिणामच हरवतो. उलट बाजूने, ज्याचे भास अजून चालू आहेत त्याला १०० मिलिग्रॅमवर ठेवलं जातं आणि भास उसळतात. त्या डोसाला भास रोखण्याची ताकद नाही. सहपरिणामांत प्रोलॅक्टिन सगळ्यात आधी बघावं, कारण कमी डोसातही ते चढतं: पाळी चुकणं, छातीतून स्राव, लैंगिक इच्छा कमी होणं. ‘इच्छा नाही’ हे वाक्य ऋण लक्षणांच्या खात्यात जमा होण्याआधी रक्ताची एक तपासणी करावी. औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे जातं, तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल तर डोस कमी लागतो. हृदयाच्या ठोक्यांच्या तक्रारी असतील किंवा ईसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर वाढवणारी इतर औषधं चालू असतील तर ईसीजी काढून ठेवावा.

दुसरं कॅरिप्रॅझिन. हे डी-२ आणि डी-३ या दोन्ही रिसेप्टरांना अर्धवट चालू ठेवतं, आणि त्याची ओढ डी-३ कडे जास्त. डी-३ चा संबंध उमेद आणि बक्षिसाच्या ओढीशी जोडला जातो. याच्या बाजूचा पुरावा एका चांगल्या बांधलेल्या चाचणीतून आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ४६१ जण होते. भास-संशय शांत आणि ऋण लक्षणं ठळक अशांनाच घेतलं होतं. २६ आठवडे अर्ध्यांना रोज सुमारे ४.५ मिलिग्रॅम कॅरिप्रॅझिन, अर्ध्यांना सुमारे ४ मिलिग्रॅम रिस्पेरिडोन हे नेहमीचं भासरोधक. ऋण लक्षणांच्या मोजपट्टीवर (७ ते ४९ गुण, जास्त म्हणजे वाईट) सुरुवात साधारण २७-२८ ने झाली. कॅरिप्रॅझिनवर ८.९ गुण उतरले, रिस्पेरिडोनवर ७.४.

फरक दीड गुणाचा. जाहिरातीत हा विजय म्हणून येईल, आणि आकडेशास्त्राच्या भाषेत तो आहेही. पण दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे. गुण निदान २० टक्के उतरलेले लोक पहिल्या गटात ६९ टक्के, दुसऱ्यात ५८ टक्के. म्हणजे नऊ जणांना हे औषध दिलं तर रिस्पेरिडोनने न सुधारलेला एक जण जास्त सुधारतो. आणि रिस्पेरिडोनवरही सात गुण उतरले हे विसरू नये. नियमित भेटी, विचारपूस, वेळेवर गोळ्या यांचाच तो मोठा भाग असावा. एकट्या पडलेल्या माणसाला ठरल्या दिवशी कुणीतरी भेटतं आणि कसा आहेस म्हणून विचारतं, हा चाचणीतला सगळ्यात दुर्लक्षित उपचार.

कॅरिप्रॅझिनची सुरुवात १.५ मिलिग्रॅमने होते, १.५ च्या पायऱ्यांनी ते जास्तीत जास्त ६ पर्यंत जातं. याचं वेगळेपण शरीरात रेंगाळण्यात आहे. त्यापासून तयार होणारा एक घटक अर्धा व्हायलाच एक ते तीन आठवडे घेतो. त्यामुळे डोस वाढवल्यावर खरी पातळी कित्येक आठवडे चढतच राहते, आणि सहपरिणाम महिन्याने उगवू शकतात. पंधरा दिवसांत काही झालं नाही म्हणून पुन्हा डोस वाढवला की दोन वाढींचा फटका एकत्र बसतो. मुख्य त्रास अकाथिसियाचा: आतून अस्वस्थता, एका जागी बसवत नाही, पाय सतत हलत राहतात. घरच्यांना वाटतं चिंता वाढली, कधी वाटतं आजार उलटला. डोस वाढवला की त्रास दुप्पट. ‘बसवत नाही की बसावंसं वाटत नाही?’ एवढा प्रश्न विचारला तरी बराच उलगडा होतो. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) घेतल्यास कॅरिप्रॅझिनची पातळी वाढते, कार्बामाझेपिन किंवा रिफाम्पिसिनने ती कोसळते; दाताच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांनाही ही गोळी चालू असल्याचं सांगावं.

तिसरा मार्ग, चालू औषधाला नैराश्यावरची गोळी जोडणं. अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब ऋण लक्षणांत थोडी सुधारणा दाखवतो. नैराश्याच्या खुणा सोबत असतील तर हा रस्ता आधी घ्यावा, सहा ते आठ आठवड्यांत बघावं आणि उपयोग नसेल तर थांबवावी. धोका जोडीत असतो. फ्लुऑक्झेटिन आणि पॅरॉक्झेटिन यकृतातलं जे एन्झाइम अडवतात, तेच रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्रॅझोल मोडतं. म्हणजे चेहरा खुलावा म्हणून दिलेली गोळी जुन्या गोळीची पातळी चढवते आणि चेहरा आणखी गोठतो. फ्लुवोक्सामिन तर क्लोझापिनची पातळी कित्येक पटींनी वाढवतं. ही जोडी रक्तातली पातळी मोजल्याशिवाय लावणं धोक्याचं. मिर्टाझापिनने भूक, वजन आणि झोप वाढते.

क्लोझापिनचं स्थान

क्लोझापिनबद्दल अपेक्षा नेहमी उंच असतात, आणि त्याला कारण आहे. १९८८ साली दुसऱ्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवरच्या चाचणीत सहा आठवड्यांत क्लोझापिनवर ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमॅझिनवर ४ टक्के. ऋण लक्षणांचे गुणही त्यात उतरले होते. मात्र त्यातला बराच भाग दुय्यम लक्षणांचा: भास आटोक्यात आले, आधीच्या औषधाचा ताठरपणा गेला, म्हणून माणूस मोकळा झाला. भास नसलेल्या, निव्वळ प्राथमिक ऋण लक्षणांवर क्लोझापिन खास चालतं असा भक्कम पुरावा नाही. तेव्हा दोन औषधं पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे देऊनही भास-संशय टिकून असतील तर क्लोझापिन सुरू करायला उशीर करू नये. केवळ गप्प बसतो म्हणून ते सुरू करू नये.

सुरुवात १२.५ मिलिग्रॅमने. पांढऱ्या पेशी घसरण्याच्या धोक्यामुळे बऱ्याच देशांत पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात, मग अंतर वाढवतात. ताप किंवा घसा धरला तर त्याच दिवशी तपासणी. बद्धकोष्ठता क्षुल्लक वाटते, पण या औषधावर आतडं बंद पडून जीव गेल्याची उदाहरणं आहेत. शौचाचा रोज हिशेब ठेवावा. सलग ४८ तासांहून जास्त गोळी चुकली तर जुन्या डोसावर उडी न मारता पुन्हा १२.५ पासून चढावं लागतं. सिगारेटच्या धुरामुळे क्लोझापिन लवकर मोडतं. एकदम सिगारेट सोडली तर काही दिवसांत पातळी दीडपटीच्या घरात जाऊ शकते, आणि निकोटिनच्या पट्टीने हे टळत नाही, कारण दोष धुरातल्या घटकांचा आहे.

ज्यांनी निराशा केली

केटामाइन या भुलीच्या औषधासारखे पदार्थ ग्लुटामेटचे एनएमडीए रिसेप्टर अडवतात आणि निरोगी माणसातही भासांसोबत ऋण लक्षणांसारखी अवस्था आणतात. तेव्हा हे रिसेप्टर चेतवले तर? कल्पना सुंदर होती. ग्लायसिन, डी-सायक्लोसेरिन, बायटोपर्टिन सगळ्यांनी लहान चाचण्यांत आशा दाखवली आणि मोठ्या चाचण्यांत मान टाकली. मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकचंही तेच: २०१८ च्या ब्रिटिश चाचणीत २०७ जणांवर वर्षभर वापरून फरक दिसला नाही. पिमाव्हान्सेरिन पहिल्या चाचणीत थोडं चाललं, २०२४ साली दुसरीत नापास. रोलुपेरिडोन या नव्या औषधाला त्याच वर्षी अमेरिकी नियामकाने नकार दिला. अ‍ॅम्फेटामिनच्या जातीच्या उत्तेजकांनी तरतरी येऊ शकते, पण भास उसळण्याची भीती पाठ सोडत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली झॅनोमेलिन आणि ट्रोस्पियमची जोडगोळी वेगळ्या वाटेने जाते. ती डी-२ अडवत नाही, म्हणून ताठरपणा आणि गोठलेपण यांपासून सुटका. दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी. मळमळ आणि बद्धकोष्ठता या तिच्या ठळक तक्रारी. चाचण्यांत ऋण लक्षणांचे गुणही उतरले; पण ते लोक ऐन झटक्यातले होते, भास उतरले म्हणून बाकीचंही उतरलं असेल. शांत पडून असलेल्या माणसासाठी ती किती कामाची, हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही.

फरक मोजायचा कसा

गोळी बदलण्याआधी दोन आठवडे एका वहीत तीन-चार गोष्टींची नोंद करावी, आणि त्या मोजता येतील अशाच निवडाव्यात. न सांगता आंघोळ किती दिवस केली. घराबाहेर किती वेळा गेला. स्वतःहून किती वाक्यं बोलला. कुणाचा फोन उचलला का. ‘बरा दिसतो’, ‘तसाच आहे’ असल्या शेऱ्यांचा उपयोग नाही. ते लिहिणाऱ्याच्या मूडवर चालतात. बाजूला झोपेचे तास, चालताना हात हलतात का आणि पायांची अस्वस्थता लिहावी, म्हणजे सुधारणा आणि सहपरिणाम एकाच पानावर दिसतील.

एका वेळी एकच बदल. डोस कमी केला त्याच आठवड्यात नवी गोळी सुरू केली, तर पुढे काहीही झालं तरी श्रेय कुणाचं आणि दोष कुणाचा हे कळणार नाही. डोस कमी केल्याचा फरक काही आठवड्यांत दिसतो. अमिसल्प्राइड किंवा कॅरिप्रॅझिनला आठ ते बारा आठवडे द्यावेत. वहीतले आकडे थोडेही सरकत असतील तर सहा महिन्यांपर्यंत थांबावं, कारण ज्या चाचणीचा आधार घेतोय तीच २६ आठवड्यांची होती. बारा आठवड्यांनी आकडे जागचे हलले नसतील तर गोळी काढायची, तिच्यावर दुसरी चढवायची नाही.

आणि याच बारा आठवड्यांत, गोळी कुठलीही असो, दिवसात दोन ठरलेली कामं हवीत: वेळ ठरलेली, लहान, दुसऱ्या कुणासोबत करायची. उमेद परत येते की नाही ते बघायला ती वापरायची कुठे, एवढी जागा तर हवी. रोज सकाळी दहा मिनिटं सोबत चालणं चालेल. ‘चल’ म्हणायचं आणि चपला घालून उभं राहायचं. ‘यावंसं वाटतं का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येईल, कारण अडलेलं आहे ते नेमकं तेच वाटणं.